बँक म्हणते धर्मादायचा कागद आणा

प्रश्न: नमस्कार. आमची वाडी कुडाळ तालुक्यात, ४५ घरं. २००९ साली मंडळ रजिस्टर केलं, पाऊस गेला की व्हाळावर सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारा घालतो, गणपतीत डबलबारी भजनाचा सामना, कोण आजारी पडलं तर गाडीभाडं, सगळं पदरमोड करून. यंदा आमचे सेक्रेटरी वारले, नवीन नेमले तर बँक सही बदलून देत नाय. मुंबईचे चाकरमानी म्हणतात ठराव झालाय ना, मग कसला कागद? काय करायचं?

उत्तर: बँकेचं बरोबर आहे हो. तुमच्याकडे दोन सर्टिफिकिटं असतील बघा, एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं आणि दुसरं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं, या दुसऱ्यामुळे पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो मंजूर झाला की परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या तुमच्या मंडळाच्या नोंदीवर, नवीन नाव चढतं आणि बँक तोच उतारा मागते. नुसत्या ठरावाने भागत नाही.

अर्जाला सभेची नोटीस, ठरावाची नक्कल, मृत्यूचा दाखला, नव्या माणसाचं संमतीपत्र जोडा. ९० दिवस उलटले असतील तर सोबत विलंब माफीचा अर्ज. आणि खरं सांगा, मधल्या इतक्या वर्षांत अध्यक्ष, खजिनदार बदलले असतील, ते कळवलंत का? नसेल तर परिशिष्टावर अजून २००९ चीच माणसं बसलीयत, म्हणजे आधीचे बदल ओळीने द्यावे लागतील. इथेच सगळी मंडळं अडकतात, बंधारा दोन दिवसांत उभा राहतो पण कागदाला कोण हात लावत नाही.

सभा पुन्हा घ्यायची वेळ आली तर विसर्जनाच्या रात्री नको, अर्धे पेंगलेले असतात, नि सह्या मग घरोघर फिरून घेतल्या जातात, कोणी हरकत घेतली की तेच अंगावर येतं. मंडळाच्या घटनेत लिहिलेत तितके दिवस आधी नोटीस काढा, कोरम भरलाय का बघा, सह्या तिथल्या तिथे.

प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांचे ठराव लिहिलेली वही, मुंबईत कोणाच्या तरी कपाटात असणार. कोकणकन्येने जो कोण येतोय त्याच्या पिशवीत आधी ते घालायला सांगा.