कॅमेरा कुठे उभा आहे ते बघा

तुम्ही विचारलंय की 'डेव्हिल मे क्राय ५' आणि २०१८चा 'गॉड ऑफ वॉर' हे दोन्ही व्हिडिओ गेम घेऊन ठेवलेत, या मालिकांचा आधीचा एकही भाग खेळलेला नाही, मग निव्वळ लढाईसाठी आधी कुठला लावू? मित्र म्हणतात दोन्ही एकाच जातीचे. २००५ साली ते बरंचसं खरं होतं. तेव्हा 'गॉड ऑफ वॉर'चा नायक क्रेटोस लांबून दिसायचा, साखळ्यांची पाती गरागरा फिरवत गर्दी कापायचा. आता तसं राहिलेलं नाही, आणि त्याचं कारण कॅमेरा.

२०१८च्या भागात दिग्दर्शक कोरी बार्लोगने कॅमेरा क्रेटोसच्या खांद्याशी आणून ठेवला आणि उडीचं बटण काढूनच टाकलं. त्यामुळे समोरचा शत्रू अंगावर आल्यासारखा वाटतो, पण पाठीमागचा दिसत नाही. म्हणून क्रेटोसभोवती बाण उमटतात: लाल म्हणजे मागून वार येतोय, जांभळा म्हणजे लांबून काहीतरी फेकलंय. सगळी लढाई जागा राखण्याची होते. कुऱ्हाड फेकून लांबच्याला गोठवायचं, जवळच्याला मुठींनी हाणायचं, मुलाला, आत्रेयसला, बाण सोडायला सांगायचं आणि बटण दाबून कुऱ्हाड परत हातात घ्यायची. ती परत येऊन तळहातावर आदळते तेव्हा कंट्रोलर जो थरथरतो, त्यासाठी मी कितीतरी वेळा ती उगाच झाडावर फेकली आहे. बर्फाळ शत्रूंवर कुऱ्हाड चालत नाही. पुढे त्यावर उपाय मिळतो, कोणता ते सांगत नाही. तो प्रसंग तुम्ही स्वतःच बघायला हवा.

हिदेआकी इत्सुनोच्या 'डेव्हिल मे क्राय ५'मध्ये (२०१९) कॅमेरा मागे सरतो आणि आकाश मोकळं होतं. शत्रूला वर उडवायचं, हवेतच धरून ठेवायचं, त्याच्या अंगावर पाय देऊन पुन्हा उडी घ्यायची. वाचलात की मेलात एवढ्यावर हा गेम थांबत नाही, किती देखणं लढलात तेही मोजतो. डी पासून तीन एस पर्यंत श्रेणी चढते, तोच तो वार करत राहिलात तर अडकते. श्रेणीबरोबर संगीतही चढतं आणि एस गाठला की गाण्याचा कोरस फुटतो. हे नुसतं बक्षीस नाही, शिकवणी आहे. काय बरं चाललंय ते कानालाच कळतं.

इथला एक नायक नीरो, त्याच्या तलवारीचंच बघा. तिच्या मुठीला मोटरसायकलसारखा थ्रॉटल आहे. वार लागतो नेमक्या त्या क्षणी बटण दाबलं तर ती पेटते आणि पुढचा वार जबर बसतो. पहिल्या आठवड्यात मला दहातून एकदा जमायचं. आता विचार न करता बोट जातं, आणि तिथवरचा प्रवास हाच माझ्यासाठी खरा गेम आहे. दुसरा नायक व्ही वेगळाच: तो लांब उभा राहून तीन पाळीव राक्षसांकडून लढवून घेतो. मला तो भाग थोडा विस्कळीत वाटतो. निम्म्या वाटेवर तिसरा नायक दांते हातात येतो, चार शैली लढता लढता बदलणारा, आणि तिथे बहुतेक नवे लोक गांगरतात. गांगरू नका, दोनच शैली धरा: वार चुकवण्याची ट्रिकस्टर आणि तलवारीची स्वॉर्डमास्टर.

तेव्हा माझं उत्तर: लढाईच हवी असेल तर 'डेव्हिल मे क्राय ५' आधी. 'गॉड ऑफ वॉर'ची कथा, बाप-लेकाचं नातं, एकही कट नसलेलं चित्रण हे सगळं माझ्या आवडीचं आहे. पण वाल्किरी या त्यातल्या सर्वात कठीण शत्रूंना हरवून झाल्यावर मी तो ठेवून दिला, तर 'डेव्हिल मे क्राय ५'मधल्या ब्लडी पॅलेसचे, म्हणजे मजल्यामागून मजला नुसत्या लढायांचे, १०१ मजले अजून चढतो.

एक मात्र सांभाळा. 'डेव्हिल मे क्राय ५'च्या पहिल्या खेळीत 'डेव्हिल हंटर' काठिण्य निवडा आणि ऑटो असिस्ट बंद ठेवा. तो चालू असला की एकच बटण दाबून सुंदर कॉम्बो (वारांच्या साखळ्या) निघतात आणि तुमच्या हाताला काही येत नाही. कथेपुरता गेम संपल्यावर त्यावर मत बनवू नका. 'सन ऑफ स्पार्डा' हे आणखी वरचं काठिण्य तेव्हा उघडतं, आणि शिकलेलं सगळं तिथे कामाला लागतं. अडलात तर 'व्हॉइड' या सरावाच्या जागेत जाऊन एकच वार पंधरा मिनिटं घोटा. नीरोचा थ्रॉटल मी तिथेच शिकलो.