घर वाचलं, मग झोप का येत नाही?

‘शेजारच्यांचं सगळं गेलं आणि आमचं घर उभं आहे. आनंद व्हायला हवा, तर मला शरम वाटते.’ वणव्यातून सुटलेल्या कुटुंबांकडून हे वाक्य वारंवार ऐकू येतं, आणि बहुतेक जण ते आवाज खाली आणून बोलतात.

कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीनात राहणारं हे एक मराठी कुटुंब. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ७ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ईटन कॅनियनमध्ये वणवा पेटला. ‘सँटा ॲना’ नावाच्या तिथल्या कोरड्या, जोरदार वाऱ्यांनी निखारे गल्लोगल्ली उडवले आणि ९,४०० हून अधिक बांधकामं जळाली. हे कुटुंब लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला राहतं. रात्री अकराला धूर दाटला तेव्हा ताई आणि त्यांचे यजमान दोन मुलांना गाडीत घालून निघाले. शेजारी एकट्या राहणाऱ्या ७४ वर्षांच्या बाईंच्या दारात गाडी नव्हती. ‘लेकीकडे गेल्या असतील,’ असं ताईंना वाटलं. बाई आत झोपलेल्या होत्या. पहाटे कुणीतरी त्यांना उठवून बाहेर काढलं. घर मात्र गेलं.

‘मी दार का वाजवलं नाही?’ आमच्याकडे समुपदेशनाला आलेल्या ताईंच्या पहिल्या तीन भेटी या एका प्रश्नाभोवतीच फिरल्या.

अशा वेळी ‘तुमची काही चूक नाही’ हे लगेच म्हणू नये. समोरच्याचं बोलणं तिथेच थांबतं. आम्ही ताईंना कागदावर तीन रकाने आखायला सांगितले: वेळ, तेव्हा काय माहीत होतं, नंतर काय कळलं. अकरासमोर त्यांनी लिहिलं: ‘धूर, वीज नाही, धाकटा खोकतोय, शेजारी गाडी नाही, आपल्या भागाला निघायचा आदेश नाही.’ पश्चिमेकडच्या भागाला तो आदेश पहाटे साडेतीनच्या सुमारास मिळाला. बाईंची गाडी गॅरेजमध्ये होती, हे तिसऱ्या रकान्यात आलं. अपराधीपणा नेहमी तिसऱ्या रकान्यातली माहिती दुसऱ्यात घुसवतो, आणि मग अकरा वाजताच्या आपल्याला दुसऱ्या दिवशीच्या शहाणपणाने झोडपतो.

कागद पाहून ताई म्हणाल्या, ‘तरी एक मिनिट लागलं असतं.’ ते खरंच आहे, आणि ते आम्ही खोडलं नाही. एका मिनिटाची हळहळ माणूस वागवू शकतो. बाईंचं घर आपल्यामुळे जळलं, हे ओझं मात्र त्यांचं नव्हतंच.

दुसरी अडचण घराचीच होती. वणव्यातलं नुकसान दाखवणाऱ्या नकाशावर त्यांच्या घरावर ‘नुकसान नाही’ अशी खूण होती, म्हणून नातेवाईक पेढे मागत होते. ती खूण इमारत उभी आहे एवढंच सांगते. आत खिडक्यांच्या फटींतून आलेली राख होती, आणि जुनी घरं जळाली की राखेत शिसं आणि ॲस्बेस्टॉस असू शकतं. म्हणून पहिली फेरी मुलांशिवाय, एन-९५ मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, तासाभराचीच ठरवली. कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे, कारण विम्याला ते लागतात. कोरडा झाडू मारायचा नाही आणि साधा व्हॅक्यूमही वापरायचा नाही. दोन्हीमुळे बारीक राख पुन्हा हवेत उडते. अगदी बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम चालतो. वीज बरेच दिवस गेलेली असेल तर फ्रिज न उघडता दाराला चिकटपट्टी लावून तसाच बाहेर काढायचा. पुठ्ठ्याच्या किंवा पिशवीतल्या डाळी, तांदूळ, मसाले टाकून द्यायचे. नळाचं पाणी पिऊ नका अशी सूचना असेल तर ते उकळूनही पिऊ नये. बेंझिनसारखी रसायनं असतील तर उकळल्यावर ती वाफेबरोबर श्वासात जातात. ताईंची पैठणी कपाटात होती. काजळी तेलकट असते, चोळली की धाग्यात मुरते, म्हणून ती न झटकता जाणकार ड्रायक्लीनरकडे दिली.

एवढं काम समोर असलेल्या माणसाला ‘नशीबवान आहेस’ म्हटलं की रडायचीही सोय उरत नाही.

तिसरी गोष्ट फोडणीची. तेलातून धूर निघाला की ताईंची छाती धडधडायची, आणि दीड महिना घरात फोडणी झाली नव्हती. आम्ही पायऱ्या केल्या. आधी खिडकी उघडी ठेवून नुसतं रिकामं भांडं मंद आचेवर. दुसऱ्या टप्प्यात तेल, मग मोहरी. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, आणि भीती निम्म्यावर आल्याशिवाय गॅस बंद करून पळायचं नाही. मध्येच पळालं तर मेंदू ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच शिकतो. हिंगापर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. महिना उलटूनही झोपमोड, दचकणं, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा दिसणं चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, ताईंनीही घेतली.

शेजारणीला फोन करायचं धैर्य सातव्या भेटीनंतर आलं. ‘काही लागलं तर सांगा’ याऐवजी काय म्हणायचं, ते आधी ठरवलं होतं: ‘शनिवारी दहा वाजता मी चाळणी आणि मास्क घेऊन येते, चालेल?’ दोघींनी राख हलकी ओली करून थोडी थोडी चाळली. चांदी वितळून गोळा झाली होती. भट्टीत भाजलेली चिनीमाती मात्र आगीला टिकते; बाईंच्या आईची साखरदाणी सापडली, झाकणासकट. धुवायला ती ताईंनी घरी नेली.