झिंकची बाटली आणि न उघडलेली डबी

(पत्राचा सारांश : मी ३४ वर्षांचा, निर्व्यसनी आहे. लग्नाला चार वर्षे झाली, अडीच वर्षे आम्ही मुलासाठी प्रयत्न करीत आहोत. मित्राच्या सल्ल्याने आठ महिन्यांपासून रोज ५० मिलिग्रॅम झिंकची गोळी घेतो. एकही दिवस चुकवलेला नाही. तरी दिवस राहिलेले नाहीत. डोस वाढवावा की दुसरी कंपनी पाहावी? पत्नीच्या तपासण्या सुरूच आहेत, पुढच्या महिन्यात तिची लॅपरोस्कोपी ठरली आहे. माझ्या वीर्यतपासणीसाठी लॅबने दिलेली डबी कपाटात आहे. झिंकने थोडी सुधारणा झाली की देईन म्हणतो. – एक वाचक, सांगली)

स.न.

तुमचे पत्र झिंकविषयी आहे असे तुम्हाला वाटते. मला मात्र त्यातले एकच वाक्य दिसते, जे तुम्ही शेवटी, घाईघाईने लिहून टाकले आहे : डबी कपाटात आहे.

पत्नीची रक्ततपासणी झाली असेल, सोनोग्राफी झाली असेल, बहुधा गर्भनलिकांत औषध सोडून काढतात तो वेदनादायक एक्स-रेही झाला असेल. आता तिला भूल देऊन, पोटाला छिद्रे पाडून आत दुर्बीण घालायची वेळ आली आहे, आणि ज्या तपासणीला ना सुई लागते ना टाका, ती तुमची एकमेव तपासणी आठ महिने खोळंबली आहे. तुम्ही निर्व्यसनी आहात, गोळी चुकवत नाही, हे सगळे मान्य. पण या नियमितपणाचे कौतुक मला करवत नाही, कारण त्याच्याआड तुम्ही लपला आहात. अहवाल चांगला यावा म्हणून आधी औषध घ्यायचे आणि मग तपासायचे, हा क्रम उलटा आहे.

झिंकचेही सांगते, म्हणजे तो आधार सुटेल. वीर्यात झिंक भरपूर असते, ते मुख्यतः पुरःस्थ ग्रंथीतून (प्रोस्टेट) येते आणि शुक्रजंतूंच्या जडणघडणीत त्याला काम आहे, हे खरे. जाहिरातदार एवढेच सांगून थांबतात. अमेरिकेत वंध्यत्वावर उपचार घेऊ पाहणाऱ्या २,३७० जोडप्यांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. मूल जन्माला येण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३४ टक्के आणि दुसऱ्यात ३५ टक्के निघाले. शुक्रजंतूंची संख्या, हालचाल, आकार यांतही लक्षणीय फरक पडला नाही; उलट झिंकची गोळी घेणाऱ्यांच्या शुक्रजंतूंतील डीएनए थोडा अधिक तुटलेला आढळला, आणि पोटदुखी, मळमळ, उलटीच्या तक्रारीही त्यांच्यातच जास्त होत्या. ज्याच्या शरीरात झिंकची खरोखर कमतरता आहे त्याची गोष्ट वेगळी. पण ती आहे असे तुम्हाला कोणी सांगितले? मित्राने?

डोस वाढवण्याचा विचार तर आजच सोडा. भारतीय पुरुषाची दिवसाची गरज १७ मिलिग्रॅम धरली आहे (आपल्या धान्य-डाळींतील फायटेट या घटकामुळे झिंक कमी शोषले जाते, हे लक्षात घेऊनच) आणि वरची मर्यादा ४० आहे. ती तुम्ही आठ महिने ओलांडत आहात. जास्तीचे झिंक तांब्याचे शोषण अडवते. त्यातून पुढे रक्तक्षय आणि नसांचे विकारही होऊ शकतात. ही गोळी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय पुन्हा घेऊ नका.

मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत, सापडते. ते वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांचे असेल, संप्रेरकांचे असेल, वयात आल्यावर झालेल्या गालगुंडाचे असेल किंवा मार्गातल्या अडथळ्याचे असेल. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत, अडथळा असला तरी शुक्रजंतू थेट मिळवता येतात. पण आधी कळले तर पाहिजे ना! तुम्ही ज्या शब्दाला भिता आहात तो कागदावर उमटला, तरी एका अहवालावर कोणताही शहाणा डॉक्टर निकाल देत नाही. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा होते.

घरात विचारणा कोणाकडे होते हे तुम्ही लिहिलेले नाही, मला ते ठाऊक आहे. तुम्ही गप्प राहिल्यामुळे दोष आपोआप तिच्या पदरात पडतो आहे.

म्हणून एकच करा. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून याच आठवड्यात नमुना द्या. ती जुनी डबी नेऊ नका, लॅबकडून नवी मागा, आणि शक्य असेल तर नमुना तिथेच द्या. घरून न्यायचा असल्यास अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत पोहोचवावा लागतो. आज रात्री पत्नीलाही सांगा की तपासणी तुम्ही भीतीपोटी टाळली. लॅपरोस्कोपी ठरल्या दिवशी करायची की थांबायचे, हे तुमचा अहवाल पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. तो त्या तारखेच्या आधी त्यांच्या हातात पडला पाहिजे.