मेनू आधी, टेबलक्लॉथ नंतर

या वेळी टपालात तीन पत्रं एकाच विषयावर, टेबलावर काय अंथरायचं यावर आली, म्हणून सगळी इथेच घेतेय. एक छोटं चौथंही आहे.

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, घरीच जेवण ठेवलंय, मोठी माणसं सहा आणि पोरं वेगळी खाली बसतील. मेनू पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मसालेभात. ४० वं म्हणजे रुबी, लाल माणिक, असं ऑनलाइन वाचलं म्हणून लाल थीम ठरवली. पण टेबलक्लॉथ, रनर, मॅट, नॅपकिनचा मॅचिंग सेट बघायला गेले तर आमच्या बजेटच्या बाहेर. कापडावर हजाराच्या वर घालवायचे नाहीयेत. टेबल सहा जणांचं, ५ फूट बाय ३ फूट, सनमायकाचं. काय करू? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : सेट घेऊ नका, आणि हे फक्त पैशांसाठी सांगत नाहीये. ते सेट फोटोसाठी असतात हो, त्या फोटोत कधी कटाची आमटी बघितलीय का तुम्ही? आपल्याकडे ताटात हळद, तेल, तिखट, कोकम सगळं एकदम असतं, त्यामुळे मी कापड घ्यायच्या आधी मेनू लिहून काढते आणि मग त्यातलं काय सांडणार आहे त्या रंगाचं कापड बघते. तुमच्या मेनूत सांडणार आमटी आणि पुरण, म्हणजे नॅपकिन मोहरी रंगाचे नाहीतर गडद हळदी. लाल रंग येऊ द्या की, पण तो मधे, हात पुसायच्या जागी नको.

आता लाल कुठून आणायचं, तर आईच्या कपाटातून. एखादी डाळिंबी किंवा लाल साडी असणारच, आणि थांबा, कात्री ठेवा खाली. साडी कापायची नाहीये, घडी घालायचीय. साडी साधारण साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच लांब, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी ४५ इंचाच्या आसपास. लांबीत तीन घड्या घातल्या की ७२ इंच होतात, म्हणजे तुमच्या ६० इंची टेबलावर दोन्ही टोकांना सहा सहा इंच लोंबेल, अगदी रनरसारखं. रुंदीत मात्र तीन नाही, चार घड्या घाला. तीन घातल्या तर रनर १५ इंचाचा होतो आणि दोन्ही बाजूंना साडेदहा इंच उरतात, आपलं ताट बारा इंचाचं, ते साडीवर चढणार आणि मग व्हायचं तेच होणार. चार घातल्या की रनर अकरा इंच, दोन्हीकडे साडेबारा, ताट आरामात बसतं. पदर वरच्या घडीत येईल असं बघा, काठ कडेला, आणि हलकी इस्त्री फिरवा. सहाही जण लांब बाजूंना तीन-तीन बसवा, टोकांना कोणी नको, तिथे पदर दिसू दे.

सरप्राईज असेल तर मावशीला फितवा, पण साडी कोणती ते विचारल्याशिवाय काढू नका. लग्नातला शालू तर अजिबात नको, मी सांगतेय म्हणून सुद्धा नको. साधी वापरातली कॉटन सिल्क बरी. आणि त्या रनरवर आमटीचं पातेलं ठेवायचं नाही, पातेली ओट्यावर, वाढायला घरातल्या दोघांना उठू दे. मधे फक्त त्यांचा लग्नातला फोटो आणि झेंडू. फुलं आदल्या दिवशी पहाटे दादर स्टेशनच्या पश्चिमेच्या फूलबाजारातून आणा, किलोवर मिळतात, उन्हं वर आली की चांगला माल संपतो.

नॅपकिनचं गणित सांगते. १८ इंची चौकोनी नॅपकिनला दुमडीसकट २० इंच कापड लागतं. ४४ इंच पन्ह्यात शेजारी शेजारी दोन निघतात, म्हणजे सहाला ६० इंच, दीड मीटरपेक्षा थोडंसं जास्त. पण कॉटन धुतल्यावर आटतं म्हणून पावणेदोन मीटर घ्या. मुलुंडहून सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या मंगलदास मार्केटमध्ये जा, रविवारी बंद असतं, दुसऱ्या कुठल्या दिवशी जायचं. एवढ्या लांब नको असेल तर दादरला हिंदमाता. दुकानात आधी ‘पन्हा किती’ विचारा, मग भाव, कारण छोट्या पन्ह्याचं स्वस्त कापड शेवटी जास्त मीटर घ्यावं लागून महाग पडतं. खणाचं कापड दिसेल आणि मोह होईल, दिसतं सुंदरच, पण त्याचा पन्हा लहान आणि तोंड पुसायला ते काही कामाचं नाही. शिवायला गल्लीतला टेलर, सरळ टीपच तर मारायचीय, सहाचा एकत्र भाव करा.

सनमायका अगदीच डोळ्यात खुपत असेल तर खाली साधी क्रीम रंगाची सिंगल बेडशीट घाला. सगळीकडून आठ इंच लोंबायला ७६ बाय ५२ लागतं आणि सिंगल बेडशीट ६० बाय ९० ची असते, म्हणजे कडेला दुमडून टाचलं तरी उरतं. घरात असेलच एखादी. मॅट नकोच, ताट काही सूपचं बाऊल नाही.

एक मात्र ऐका. कापड आणल्या आणल्या धुवा. मी एकदा दिवाळीला लाल छापील कॉटनचे नॅपकिन शिवून घेतले, धुवायला वेळ नव्हता, दुकानदार म्हणाला पक्का रंग आहे, आणि नणंदेच्या मिस्टरांच्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्यावर मांडीपाशी गुलाबी चौकोन उठला, ते बिचारे काही बोलले नाहीत पण तेव्हापासून आमच्याकडे येताना चॉकलेटी घालूनच येतात. तर पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासून बघा, रंग लागला तर ते कापड पडद्याला ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, माझा तरी झाला नव्हता.

प्रश्न : सासूबाईंनी क्रोशाचा पांढरा टेबलक्लॉथ दिलाय, त्यांनी स्वतः विणलेला, आणि त्यावर वरणाचा पिवळा डाग पडला. साबण लावला तर लालच झाला! आता कायमचा गेला का? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : घाबरू नका, तो लाल म्हणजे हळदच आहे. साबण क्षारयुक्त असतो आणि हळदीला असं काही लागलं की ती लाल होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते आठवा, तसंच. भरपूर साध्या पाण्यात खळबळून काढा, परत पिवळा दिसेल, मग थेट उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, एक दोन दिवसांत फिका पडत जातो, नाही गेला तर ओला करून परत टाका. तेलाचा भाग असेल तर धुवायच्या आधी बेसन नाहीतर टाल्कम पावडर चोळून ठेवा. अडचण फक्त पावसाळ्यात, मुंबईत जुलैमध्ये ऊन कुठून आणणार, शिवाय ओलं राहिलं की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते हळदीपेक्षा चिवट. म्हणून गणपतीपर्यंत तो क्लॉथ बाहेर काढू नका. आणि काढाल तेव्हा खाली एखादी गडद रंगाची ओढणी अंथरा, त्या जाळीतून रंग दिसतो आणि सासूबाईंचं विणकामही उठून दिसतं. वर पारदर्शक प्लॅस्टिक घालायचा सल्ला कोणीतरी देईलच. मला ते आवडत नाही, हात चिकटतो, पण आमटी असेल तर घाला बाई.

प्रश्न : मुलाचा सातवा वाढदिवस, त्याला धरून आठ पोरं, थीम ‘ट्रेन’. थीमचा कागदी टेबलक्लॉथ एकदा वापरून फेकायला जिवावर येतं. – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : वह्यांना कव्हर घालतो तो खाकी कागदाचा रोल आणा, टेबलावर पसरा, खालून चिकटपट्टी. मधून काळ्या मार्करने रूळ काढा आणि प्रत्येक पोराच्या ताटलीपाशी एक स्टेशन. आठ पोरं म्हणजे चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, बरोब्बर आठ, आणि केक दादरला. स्लो लोकलच ठेवा नाहीतर मधली पोरं रुसतील. खडूचे तुकडे वाटीत ठेवा, वेफर्स येईपर्यंत तीच रंगवत बसतात. नॅपकिन म्हणून जुन्या चेक्सच्या लुंगीचे चौकोन, खूप धुतलेलं कापड पाणी छान शोषतं. केक सांडला की कागद गुंडाळा आणि रद्दीवाला घेत नसेल तर ओल्या कचऱ्यात.

फार सजवू नका. सात वर्षांच्या मुलाला फुगे आणि मित्र दिसतात, रनर दिसत नाही.

प्रश्न : काचेच्या टेबलावर कापड सारखं सरकतं. – एक वाचक, दादर

उत्तर : खाली जुना टर्किश टॉवेल पसरा, टेबलापेक्षा चार बोटं आत. सरकत नाही, आणि पेला ठेवल्याचा खण्ण आवाजही येत नाही.