आजोबांचा ऑलिम्पस ट्रिप ३५ हा जुना फिल्म कॅमेरा सापडलाय. साताऱ्यात रस्त्यावरचे फोटो काढायला चालेल का?

चालेल की! याला बॅटरीच लागत नाही. लेन्सभोवतीची ती जाळीदार काच म्हणजे सेलेनियमचा सेल, उजेडावरच चालतो. तो जिवंत आहे का, ते आधी बघा. लेन्सवरची रिंग 'ए'वर, म्हणजे ऑटोवर ठेवा, लेन्स तळहाताने झाका, बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि शटर अडलं, आणि हात काढून उजेडात दाबल्यावर पट्टी न येता शटर उडालं, तर सेल ठीक. मागचं झाकण उघडून कडेचा, उजेड आत येऊ न देणारा फोमही बघा. माझा चिकट डांबर झाला होता, पहिल्या रोलवर उजेडाचे पट्टे आले.

फोकस अंदाजाने. तीन माणसांच्या चित्रावर, म्हणजे साधारण ३ मीटरवर लावून ठेवा आणि विसरून जा. ४०० आयएसओचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा फिल्म रोल घाला. मोती चौकात सकाळी दहाच्या उन्हात पेढेवाल्याचा हात परातीवर असतानाचा क्षण सहज मिळतो. रिंग 'ए' सोडून छिद्राच्या (अ‍ॅपर्चरच्या) आकड्यांवर नेलीत तर शटर १/४० सेकंदावरच राहतं, चालती माणसं हलतात.

संध्याकाळी मात्र लाल पट्टी सारखी आडवी येते. तेव्हा सरळ चहा प्यायचा. आणि एका रोलात ३६च फोटो, तेव्हा आधी माणसाशी दोन शब्द बोला.