ग्रीसची बेटं, पहिली खेप, दोघंच: दहा रात्री कशा वाटाव्यात?

तुमच्या यादीत सँटोरिनी, मिकोनोस, क्रीट आणि कॉर्फू अशी चार बेटं आहेत आणि हाताशी रात्री दहा. माझं मत विचाराल तर अथेन्स आणि दोन बेटं, एवढंच करा. कॉर्फू आजच खोडा.

का, ते नकाशावर दिसेल. कॉर्फू पश्चिमेला आयोनियन समुद्रात, अल्बानियाच्या किनाऱ्यासमोर आहे. उरलेली तीन बेटं अथेन्सच्या आग्नेय-दक्षिणेला आहेत. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून कॉर्फूला जहाजच जात नाही. क्रीटची लांबी सुमारे 260 किलोमीटर, त्याला वेगळा आठवडा हवा. मिकोनोस महाग आहे आणि त्याची खरी ओळख रात्रभर चालणारे क्लब ही आहे. त्यात रस नसेल तर तेच पैसे दुसरीकडे जास्त पुरतात. शिवाय बेट बदलायचं म्हणजे जहाज दोन तासांचं असलं तरी अर्धा दिवस जातो: खोली सकाळी अकराला सोडायची, बंदरावर ताटकळायचं, नवी खोली दुपारी तीनला हातात येणार.

म्हणून वाटणी अशी: अथेन्स 2, नॅक्सोस (हे बेट तुमच्या यादीत नाही, ते का घ्यायचं ते पुढे येईल) 4, सँटोरिनी 3 आणि शेवटची 1 रात्र पुन्हा अथेन्स. पिरेयस–नॅक्सोस–सँटोरिनी ही एकाच जहाजमार्गावरची बेटं आहेत, त्यामुळे मागे-पुढे धावपळ होत नाही. सँटोरिनी शेवटी ठेवायचं, कारण तिथून अथेन्सला दिवसाकाठी बरीच विमानं आहेत आणि प्रवास पाऊण-एक तासाचा. अथेन्सची शेवटची रात्र काटकसर म्हणून वगळू नका. बेटावरून निघून त्याच दिवशी भारताचं विमान पकडायचा बेत बहुतेक वेळा पार पडतो, पण जेव्हा फसतो तेव्हा दोन नवीन तिकिटांना पडतो.

फसतो तो वाऱ्यामुळे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर, म्हणजे या बेटांच्या समुद्रावर, उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारा वाहतो. आकाश निळंशार आणि समुद्र मात्र खवळलेला, असा हा प्रकार. वारा साधारण 8 बोफोर्टवर (बोफोर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) गेला की बंदर पोलीस जहाजं सोडत नाहीत, आणि वेगवान कॅटामरान (जोडसांगाड्याच्या बोटी) त्याहून कमी वाऱ्यातच थांबवतात. जहाज रद्द झालं तर कंपनी पैसे परत देते किंवा पुढच्या जहाजात जागा देते, पण तुमचं वेगळं काढलेलं विमानाचं तिकीट गेलं ते गेलं. दुसरी अडचण संपाची. 1 मेला ग्रीसमध्ये जहाजांचा संप बहुधा ठरलेला असतो, त्या दिवशी बेट बदलू नका.

जहाज निवडताना वेळेपेक्षा पोटाचा विचार करा. पिरेयसहून सकाळी सातच्या सुमारास निघणारं ब्लू स्टार कंपनीचं मोठं जहाज वाटेतलं पारोस बेट करून साधारण साडेपाच तासांत नॅक्सोसला पोचतं. सीजेट्स कंपनीच्या कॅटामरान यापेक्षा बऱ्याच लवकर पोचतात, तिकीट जवळपास दीडपट ते दुप्पट. पण त्यात बहुतेक वेळ बंद काचांच्या आत खुर्चीला खिळून बसावं लागतं आणि लाटा असल्या की उलट्यांच्या पिशव्या फिरू लागतात. मोठ्या जहाजात डेकवर वारा खात उभं राहता येतं. घाटात गाडी लागणाऱ्यांनी मोठंच जहाज घ्यावं, मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर बसावं, गोळी निघण्याआधी घ्यावी.

पिरेयस बंदर अवाढव्य आहे, आणि जहाज चुकतं ते बहुधा चुकीच्या गेटवर गेल्यामुळे. सायक्लेडीजकडे (पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी ज्यात येतात त्या बेटांच्या समूहाकडे) जाणारी बरीच जहाजं मेट्रो स्टेशनसमोरच्या गेटांवरून सुटतात, तर क्रीट आणि रोड्सची गेटं बरीच लांब आहेत. तिकिटावरचा गेट आदल्या संध्याकाळी पुन्हा तपासा आणि 45 मिनिटं आधी पोचा. मेट्रोची 3 क्रमांकाची लाईन विमानतळ ते पिरेयस थेट जाते, साधारण तासाभरात. एक्स-96 बस रात्रभर असते. मोठ्या बॅगा खालच्या गाड्यांच्या मजल्यावर, बेटाचं नाव लिहिलेल्या कप्प्यात ठेवायच्या असतात. पासपोर्ट, पैसे, औषधं मात्र अंगावरच ठेवा. आपलं बेट यायच्या पंधरा मिनिटं आधी खाली उतरून उभं राहायचं, कारण जहाज धक्क्याला काही मिनिटंच थांबतं. पारोस आधी, नॅक्सोस नंतर. घाईत पारोसला उतरणारे दर उन्हाळ्यात असतातच.

आता सँटोरिनी, जिथे दोघांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. ज्वालामुखीच्या स्फोटाने खचलेल्या प्रचंड खळग्याच्या, म्हणजे कॅल्डेराच्या, कड्यावर ‘फिरा’ (हे गावाचंच नाव), फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली आणि ईया ही गावं बसली आहेत. ‘कॅल्डेरा व्ह्यू’ खोलीचं भाडं त्याच गावातल्या मागच्या बाजूच्या खोलीच्या दुप्पट-तिप्पट असतं. नुसतं ‘सी व्ह्यू’ लिहिलं असेल तर ती खोली पूर्वेच्या साध्या समुद्राकडे तोंड करून असू शकते, तेव्हा बुक करण्याआधी नकाशावर खोलीचं तोंड बघा. तीनही रात्री हा खर्च करू नका. पहिल्या दोन रात्री ‘फिरा’ गावात मागच्या गल्लीत किंवा कामारीच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर, आणि एकच रात्र इमेरोविग्लीत कड्यावर. देखावा तर चालताना फुकटच दिसतो.

त्या एका रात्रीसाठी हॉटेलला दोन गोष्टी लेखी विचारा. खोलीपर्यंत पायऱ्या किती आणि बॅगा कोण उचलणार? आणि गच्चीवरचं गरम पाण्याचं कुंड वरच्या वाटेवरून दिसतं का? फोटोत एकांत दिसतो, प्रत्यक्षात वरून गावची रहदारी जात असते. हनिमूनला गेलेल्यांची सगळ्यात मोठी निराशा हीच. (लग्न झालंय का, हे मात्र तिथे कुणी विचारत नाही.)

ईयाच्या पडक्या किल्ल्यावरचा सूर्यास्त प्रसिद्ध आहे, पण जागा धरायला तासभर आधी कोंडीत उभं राहावं लागतं. इमेरोविग्लीचा स्कारोस खडक किंवा अक्रोतिरीचं दीपगृह तितकंच सुंदर आहे, आणि निवांतही. फिरा ते ईया ही कड्याकड्याने जाणारी सुमारे 10 किलोमीटरची वाट सकाळी सातला सुरू करा. तीन-चार तास लागतात, सावली जवळपास नाही, बूट हवेत. अक्रोतिरीचं उत्खनन चुकवू नका. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची दुमजली घरं राखेत टिकून राहिली आहेत, आणि छताखाली असल्याने दुपारच्या उन्हातही बघता येतं. बेटावरच्या बसचे जवळजवळ सगळे मार्ग फिरावरून जातात, म्हणजे ईयाहून कामारीला जाताना तिथे बस बदलावी लागते. नळाचं पाणी पिऊ नका.

नॅक्सोसला चार रात्री का, असं वाटेल. कारण पोहायचं तिथे. आयिओस प्रोकोपिओस, आयिआ आना, प्लाका हे वाळूचे किनारे एकापाठोपाठ एक आहेत आणि बंदराजवळून बस जाते. एक दिवस गाडी घेऊन हाल्की आणि आपिरांथोस या डोंगरातल्या गावांत जा. त्यासाठी भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आरटीओतून मिळतो आणि वर्षभर चालतो. गाडी उजव्या बाजूने चालवायची, आणि ऑटोमॅटिक हवी तर आधीच बुक करायची. चारचाकी ‘क्वाड’ दोघांना घेऊन चढावर दमतात, वाऱ्यात हेलकावतात. छोटी कारच बरी.

केव्हा जावं? सप्टेंबरचा उत्तरार्ध. समुद्र उन्हाळाभर तापलेला, गर्दी ओसरलेली. 2026 मध्ये अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला आहे, तेव्हा विसर्जन उरकून निघता येईल. दिवाळीची सुट्टी मात्र उपयोगी नाही: 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, आणि ऑक्टोबर संपला की बेटांवरची निम्मी-अधिक हॉटेलं कुलूप लावतात, जहाजंही कमी होतात. मेमधली हवा छान, पण पाणी गार.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक. प्रौढांना शुल्क 90 युरो, प्रत्येकाचा अर्ज वेगळा, किमान 30,000 युरोचा आरोग्यविमा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला नियमाने 15 दिवस धरले तरी अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून अडीच-तीन महिने हाताशी ठेवा. एकाच्या खात्यावर दोघांचा खर्च असेल तर तसं पत्र आणि विवाह प्रमाणपत्र जोडा. व्हिसा येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या.

खोलीच्या भाड्यावर एक कर वेगळा द्यावा लागतो, बहुधा तिथे पोचल्यावर. एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकित हॉटेलात रात्रीला 5 युरो, चारमध्ये 10, पाचमध्ये 15. हा दर माणशी नसून खोलीमागे आहे.

शाकाहारी असाल तर फार अडत नाही, फक्त ‘व्हेज’ म्हणून थांबू नका. ‘निस्तीसिमो’ विचारा. चर्चच्या उपवासाचं जेवण, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं (कोळंबी-कालवं मात्र चालतात, तेवढं विचारून घ्या). भात भरलेले टोमॅटो म्हणजे गेमिस्ता, भाज्यांचं ब्रिआम, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे गिगांतेस, सँटोरिनीची पिवळ्या डाळीची फावा हे पोटभरीचं आहे. गेमिस्ता आणि दोल्मादेस (द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात) या दोन्हींत कधी कधी खिमा असतो. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर रेस्तराँवर विसंबू नका. नॅक्सोसला छोटं स्वयंपाकघर असलेला स्टुडिओ घ्या. तिथले बटाटे आणि चीज ग्रीसभर नावाजलेले आहेत, आणि भाजीची दुकानं बंदरापासून चालत जाण्यासारखी.