धुऱ्यावरून : वावर विकून चाकणला जावं का?

प्रश्न : काकू, नमस्कार. दिग्रस तालुक्यात आमचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. तीन एकर सोयाबीन, दोन एकर पऱ्हाटी म्हणजे कपाशी. यंदा पहिली पेरणी मोडली, दुबार पेरलं. सोयाबीन सोंगून गंजी लावली तर तिच्यावर पाऊस आला, शेंगांतच कोंब फुटले. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आमचं गेलं ३,६०० नं. हे म्हणतात, वावर विकून पुण्याजवळ चाकणला कारखान्यात कामाला जाऊ. सासूबाई म्हणतात, "वावर इकलं त म्या मरू कुठी?" मुलगा आठवीत आहे. काय करू?
— एक वाचक भगिनी

उत्तर : पोरी, तुझं पत्र वाचून रात्री झोप लागली नाही. विकावं की नाही ते सांगतेच, पण आधी मला सांग, तुझ्या पाच एकरांत घरी खायचं काय पिकतं? पत्रात तुरीचंसुद्धा नाव नाही.

माझंही असंच होतं. २०१७ साली चारही एकर पऱ्हाटी. दिवाळीच्या सुमारास एक हिरवं बोंड सहज फोडलं. वरून साजरं, टणक. आत गुलाबी अळी, अन् दोन सरक्या एकमेकींना चिकटून जोडबी झालेली. पुढचं बोंड तसंच. त्याच्या पुढचंही. मी ओळीतच खाली बसले. बोंडअळीला मारणारं बीटी कपाशीचं बियाणं २००२ साली आलं, २००६ साली त्याची दुसरी पिढी आली, आणि गुलाबी अळी तीही पचवायला शिकली. शिवारभर आम्ही तेच लावलं, फरदडीच्या, म्हणजे वेचणी झाल्यावर त्याच झाडांवरून आणखी कापूस घेण्याच्या लोभानं मार्चपर्यंत उभं ठेवलं. अळीच्या जेवणाची वर्षभराची सोय आम्हीच केली. त्याच साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. कवडी, म्हणजे किडका कापूस वेचायला बाया येईनात, आल्या तर किलोमागची मजुरी परवडेना. चार एकरांत नऊ क्विंटल झाला. घरात दाणा नाही आणि कृषी केंद्राची उधारी डोक्यावर.

तेव्हा जुन्या वह्या काढून बसले. आमच्या घरात ज्वारी बंद झाली त्यानंतर दोन सालांनी बैलजोडी विकलेली दिसली. कडबाच नव्हता, बैल खाणार काय? बैल गेले तसं शेण गेलं, शेण गेलं तसं खताच्या पोत्यांचा खर्च वाढला, नांगरटीला ट्रॅक्टरचं भाडं आलं. जे घरचं होतं ते एकेक करून रोखीचं झालं. म्हणून आता पाऊस चुकला तरी आपण मरतो आणि दिल्लीत एक कागद निघाला तरी मरतो. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही काळापुरतं उठवलं, तेव्हा आपली पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. एक बोंड फुटायच्या आधीच भावाची धास्ती घरात येऊन बसली.

त्या वह्या पाहूनच २०१८ ला मी एक एकर ज्वारी पेरली. एकटीनं. कणसं भरली तशी पाखरांची धाड पडली, मग रोही म्हणजे नीलगाई, मग एका रात्री रानडुकरांनी अर्धं वावर आडवं केलं. घरी तीन पायल्या आल्या. लोकांनी ज्वारी का सोडली हे मला तेव्हा नीट समजलं. आळसानं नाही सोडली. शेजाऱ्यानं सोडली की उरलेल्याची टिकत नाही, सगळी पाखरं त्याच्याच वावरात उतरतात.

पुढच्या साली धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागलेल्या चौघींच्या घरी गेले. दोघी तयार झाल्या, दोघींना तीनदा विचारावं लागलं. पाचजणींनी सलग पाच एकर ज्वारी पेरली, मध्ये तुरीच्या ओळी, कडेला बरबटी म्हणजे चवळी आणि अंबाडी. मधोमध राखणीचा माळा बांधला, दिवसा पोरांच्या गोफणी, रात्री पाळीनं जागल. पाखरांनी खाल्लंच, पण सगळ्यांचं थोडंथोडं खाल्लं. मला सहा क्विंटल ज्वारी झाली आणि कडब्यावर एक गाय आली. पऱ्हाटी मी आजही लावते, पण दोनच एकर, आणि डिसेंबरअखेर उपटून टाकते.

आता विकण्याचं. निदान दोन वर्षं विकू नका. नवऱ्याला चाकणला जायचं असेल तर अडवू नको, जाऊ दे. कंत्राटी कामात खोलीभाडं आणि मेस जाऊन हातात किती उरतं, ते सहा महिने एकट्यानं राहून पाहू दे. पोराची शाळा मधेच मोडू नको. तीन एकर मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं दे, एका सालापुरतं, आणि कागदावर लिहून दे.

आणि नवरा बसमध्ये बसायच्या आधी एक काम करून घे. वावर त्याच्या नावानं असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली त्याला तलाठ्याकडे अर्ज करायला लाव आणि सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून तुझं नाव चढवून घे. यात भिडेला पडू नको. माझे मालक वारले तेव्हा नाव चढवायला मला चौदा महिने लागले. तेवढे दिवस बँक मला पीककर्जासाठी उभी करत नव्हती, नुकसानीचे पैसे गेलेल्या माणसाच्या खात्यावर अडकले होते, आणि डवरणी, निंदण, वेचणी सगळं मीच करत होते.

उरलेल्या दोन एकरांत एक एकर ज्वारी-तूर लाव. ज्वारीत कितव्या ओळीला तूर घ्यायची, बरबटी कधी टाकायची, ते सासूबाईंना विचार. त्यांच्या हातून ते झालेलं असेल. शेजारणींकडे मात्र मृगाची वाट न पाहता आत्ताच जा, सोयाबीनचं बियाणं घरात यायच्या आधी.

बरबटीचं आणि अंबाडीचं बी माझ्याकडे राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं आहे. किती जणी झाल्या ते कळव, तेवढ्या पुड्या बांधून ठेवते.